तिसऱ्या ठाणावरचा घोडा

तबेल्याच्या दारातच मालकाने डॉक्टरीणबाईंना अडवलं. "पुन्हा कशाला आलात? सगळ्या घोड्यांचं रक्त तपासलंत ना? निघालं काही?"

"नाही निघालं. म्हणूनच आले."

साथींचा माग काढता काढता बाईंचे केस पिकले होते. असल्या दटावणीला त्या भीक घालत नसत. इथल्या घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार दवाखान्यात बेशुद्ध होता. मेंदूला सूज. त्याच्या अंगात सापडलेला नवा विषाणू घोड्यांकडूनच माणसात येत होता. मालक मात्र चारचौघांत सांगत सुटला होता, की सुट्टीवर गेलेल्या बेवड्याने रोग बाहेरूनच आणला. वर मोतद्दाराच्या बायकोला तबेल्यामागची खोलीही रिकामी करायला सांगितली. बायको खमकी. उंबऱ्यावर फतकल मारून बसली ती हलेना.

"वहिनी, सुट्टीआधी कुठला घोडा आजारी होता?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्या ठाणावरचा, तांबडा. हे त्याच्या नाकाशी नाक लावून बसायचे, सवयच यांची. मग मालकांनी आम्हाला सुट्टीवर पिटाळलं. तिकडे यांना ताप भरला."

"अहो, तो तांबडा हा काय, ठणठणीत!" मालक हसला.

तिसऱ्या ठाणाची फळी अर्धीअधिक कुरतडलेली होती.

"ही कोणी खाल्ली?"

"त्यानेच. शिंगरू होता तेव्हापासूनची खोड," मालक म्हणाला.

बाईंनी मास्क, हातमोजे चढवले. तांबड्याचा ओठ वर करून दात पाहिले.

"सगळ्यांना अंगणात सोडा. आणि ठाणांवर खायला चंदी टाका."

चंदीचा वास येताच घोडे धावले, जो तो आपापल्या ठाणावर. तांबडा तेवढा अंगणात बावचळून उभा राहिला.

"याला स्वतःचं ठाण माहीत नाही," बाई म्हणाल्या. "लाकूड कुरतडणाऱ्याचे पुढचे दात झिजतात, याचे शाबूत आहेत. आजारी तांबडा मेला. तबेल्याला टाळं लागेल म्हणून तुम्ही तो गुपचूप पुरलात आणि तसाच दुसरा आणून बांधलात. आम्ही रक्त तपासलं ते याचं!"

मालकाने फोन काढला. "वर एक शब्द टाकला तर उद्या तुमची बदली होईल."

"आजच करा! पण मोतद्दार तर सुट्टीवर होता. एवढं धूड तुम्हाला एकट्याला ओढवणार नाही. बरोबर कोण होतं? त्याचाही जीव जाईल!"

फोन लागला होता, पलीकडून कुणी हॅलो हॅलो करत होतं. मालकाने तो कापला.

"थोरला होता माझा," शेवटी तो पुटपुटला. "कालपासून डोकं धरून झोपलाय. हाक मारली तर भलतंच बरळतो."

"आणि तुम्ही इथे हुज्जत घालताय?" बाई कडाडल्या.

मोतद्दाराची बायको उठली आणि मालकासमोर येऊन ठाकली.

"खोली मी सोडणार नाही. माझा नवरा बेवडा नव्हता, हे चारचौघांत तुमच्याच तोंडून वदवून घेईन," ती म्हणाली. "पण आधी त्या पोराला दवाखान्यात न्या. बघताय काय? गाडी काढा!"