गुरुवारी शेडमध्ये रेकॉर्ड केलेलं रडणं

या पेजवर मी आजवर फक्त वाचत आले. स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. ज्यांना हे बनवलेलं वाटेल त्यांनी खुशाल पुढं जावं. मी हे रोज घरात भोगतेय, कुणाला पटवत बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

मागच्या नोव्हेंबरातला गुरुवार. भर दुपार. चाकणजवळचं निघोजे.

माझा नवरा सलिल एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि सुटीच्या दिवशी डेथ मेटल बँडमध्ये गातो. गातो म्हणजे... घशातून गुरगुरतो. लग्नाआधी मला त्याचं भारी कौतुक होतं. मुलगी झाल्यावर ते कौतुक थकलं.

त्यांचं रेकॉर्डिंग कायम गुरुवारी. आमच्याकडं एमआयडीसीला सुटी गुरुवारची. एरवी प्रेस मशीनच्या दणक्यात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्या दिवशी सगळा पट्टा गप्प. बँडमधला गिटारवाला केयूर, त्याच्या काकांची तिथं पत्र्याची शेड आहे. शटर ओढायचं, माईक लावायचा आणि ओरडायचं.

त्या गुरुवारी माझा निगडीला इंटरव्ह्यू होता. दीड वर्षांनंतरचा पहिला. दहा महिन्यांची मिहिका सलिलकडं ठेवली.

"घरीच थांब," मी तीनदा बजावलं.

"हो गं माझे आई, थांबतो." हात जोडून म्हणाला.

थांबला नाही.

शनिवारी त्यांची नवी ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम, रिलीज होणार होती आणि शेवटचं गाणं रेकॉर्ड करायचं बाकी होतं. तिला घेऊन तो शेडमध्ये गेला. मला कळलं ते संध्याकाळी, तिच्या लोकरीच्या टोपीला लोखंडाचा चुरा दिसला म्हणून.

"रडली का?"

"थोडीशी."

मिहिकाला भूक लागली की ती अख्खी सोसायटी उठवते. त्या संध्याकाळी साडेसात वाजून गेले... घर शांत. मी पाळण्यात वाकून पाहिलं.

ती रडत होती.

तोंड उघडं. चेहरा लालबुंद. डोळ्यांतून घळाघळा पाणी...

आवाज नव्हता.

शुक्रवारी डॉक्टरांकडं गेले. घसा स्वच्छ आहे म्हणाले. त्यांनी खुळखुळा वाजवला तेव्हा ती खळखळून हसली, आवाज काढून. मग काय सांगणार? "फक्त रडण्याचा आवाज जातो का हो?" असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडंच जास्त वेळ पाहिलं.

सलिलला सांगितलं.

"बरंय की. निवांत झोपू."

हातातला चमचा मी फेकला नाही, एवढंच.

मी झोपले नाही. आवाज न करता रडणारं मूल सारखं बघत राहावं लागतं. अंघोळ दार उघडं ठेवून. भाकरी करताना तव्याकडं एक डोळा, तिच्याकडं एक. नोकरीसाठी फोन आला, तर नाही म्हणाले.

शनिवारी ईपी आली. 'तिसरी पाळी'. सलिल मोबाईलला चिकटलेला. अचानक म्हणाला, "तू कधी आवाज दिलास गं?"

"कशाला?"

त्यानं कॉमेंट दाखवली. 'भावा, शेवटच्या गाण्यातली बाई कोण? काटा आला राव.'

मी हेडफोन लावले. आधी नुसता गोंगाट. मग त्याच्या गुरगुरण्याखालून एक रडणं वर आलं. जाड केलेलं, ओढून लांबवलेलं...

पण आईला कळतं.

"ही मिहिका आहे."

तो मान खाली घालून बोलला. ती रडायला लागली तेव्हा केयूर म्हणाला होता, थांब, उचलू नको, हे गाण्याखाली टाकू. माईक तिच्याकडं वळवला.

"किती वेळ?"

"आठएक मिनिटं. टेक चालू होता गं, मध्येच उचललं असतं तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. कारण कानात गाणं संपत आलं होतं. गिटार थांबली. रडणं उरलं. आणि अगदी माईकजवळ...

"उगी... उगी गं बाय... उगी."

बाईचा आवाज. दमलेला. रडणं हळूहळू कमी होत थांबलं.

शेडमध्ये तेव्हा हे दोघंच होते. शटर आतून बंद.

केयूरला वाटलं होतं, सलिलनं माझा आवाज मिसळला. सलिलला वाटलं, केयूरनं कुणाचा तरी. आणि दोघांनाही तो आवडला होता.

रविवारी संध्याकाळी निगडीत त्यांचा लाईव्ह शो होता. ते रडणं वाजवणार नाही, असं सलिलनं मिहिकाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तरी मी गेले. तिच्या कानांवर जाड कानपट्टी, मी मागं भिंतीला टेकून.

शेवटचं गाणं आलं. पोरं ओरडायला लागली, "बाई लाव! बाई लाव!"

केयूरनं सलिलकडं पाहिलं. सलिलनं नजर चुकवली.

केयूरनं लावलं.

हॉल एकदम शांत झाला... "उगी..."

माझ्या कडेवरच्या मिहिकानं दोन्ही हात वर केले. उचलून घे म्हणताना करते तसे.

माझ्याकडं नाही. माझ्या खांद्यामागं.

तिथं भिंत होती.

सलिलनं ते स्टेजवरून पाहिलं. मध्येच वायर उपटून तो खाली धावला. त्याच दिवशी सगळ्या फाईल्स उडवल्या, गाणं सगळीकडून काढलं. मिहिकाच्या रडण्याचा आवाज परत आला नाही.

पुढच्या गुरुवारी मी एकटी शेडवर गेले. वॉचमनच्या बायकोला, कौशल्याबाईंना, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"हितं कोण बाई मेलीय का?" मी सरळच विचारलं.

"आमाला न्हाई ठावं. आमी दोन वर्साचं हितं."

"मग तो आवाज?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "लेकरू रडलं की कुनीतरी उचलतंयच, ताई. तुमच्या मानसांनी न्हाई उचललं."

"मग कोणी उचललं?"

त्या पुन्हा तांदळात बघायला लागल्या.

काल दुपारी तीनची गोष्ट. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

रडणं ऐकू आलं.

खणखणीत. भुकेचं. तिचंच! माझ्या हातातून चिमटे सांडले. मी हसत, रडत आत पळाले...

मिहिका गाढ झोपली होती. तोंड मिटलेलं.

रडणं घराच्या दाराबाहेरून येत होतं.

मी कडीपर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. बाहेर माझीच लेक हुंदके देत होती, आणि आत पाळण्यात माझीच लेक श्वास घेत होती. कुणाकडं जाऊ?

मी दार उघडलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग रडणं थांबलं. दमून थांबतं तसं नाही...

कुणी उचलून घेतल्यावर थांबतं, तसं.