गोट्यावर बसलेली धोबीण

गौरी-गणपती आटोपले आणि धोबी पक्षी आले. आता ते आपले आपण येत नसत, त्यांना आणावं लागे.

पृथ्वीचं चुंबकत्व क्षीण झालं तशी उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांना वाट सापडेनाशी झाली. हजारो पाखरं आभाळात गोल गोल फिरून दमून मेली. मग ठिकठिकाणी मनोरे उभारले गेले. फक्त पाखरांनाच जाणवेल अशी चुंबकीय साद त्यांतून निघे. डोळ्यांना न दिसणाऱ्या या दिव्याला ‘दिशादीप’ म्हणत. तो लागला की पाखरू असेल ते टाकून निघे. त्याला नाही म्हणताच येत नसे.

गोदावरीकाठचा दीप डॉ. उज्ज्वला गाडे सांभाळत असे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तिचे वडील, अण्णा, दुर्बीण घेऊन बंधाऱ्यावर खुर्ची टाकून बसत. भाद्रपदात धोबी दिसला नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

“आले बघ, उजू! शेपटी कशी नाचवतायत लेकाचे!”

उज्ज्वलाने जाळ्यात अडकलेली मादी अलगद हातात घेतली. पायात ओळखीची कडी घालण्याआधी पोटावर फुंकर मारून पिसं बाजूला करायची, ही तिची नेहमीची पद्धत. आज फुंकर मारली तर पोटावर पिसं नव्हतीच. नुसती उघडी, गरम कातडी होती.

“रोगबिग झालाय का तिला?”

“नाही अण्णा. अंडी उबवताना मादीची पोटावरची पिसं झडतात. अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळावी म्हणून. ही घरट्यातून उठून आलीय.”

“आणि अंडी?”

“तिथंच राहिली. तिकडचा उन्हाळा उशिरा सुरू झाला, म्हणून अंडीही उशिरा घातली. आणि आपण दीप लावला.”

जाळ्यातल्या बाकीच्या माद्यांचंही तसंच होतं.

“मग थांब की महिनाभर!”

“तोवर तिथं बर्फ पडायला लागतो. बर्फ लांबला तर पिल्लं उडतील. नाही लांबला तर आयाही जातील. आत्ता आया तरी वाचतात.”

“पण पिल्लंच नसतील तर?”

“पाखराचं आयुष्य ते केवढं? दोन-तीन भाद्रपद येतील. मग कुणीच येणार नाही.”

उज्ज्वलाला रडू आलं. उत्तरेत उरलेल्या थव्यासाठी संध्याकाळी दीप पुन्हा लावायचा होता.

“नको लावू का, अण्णा?”

पायाखाली मुंगी दिसली तरी वळसा घालणारा हा माणूस दुर्बिणीच्या काचा पुसू लागला.

“लाव बाई,” ते म्हणाले. “माझं तरी आता किती राहिलंय? तेवढं दिसू दे.”

तिने दीप लावला.

काही दिवसांनी एका सकाळी बंधारा धोब्यांनी भरून गेला. अण्णा एकेक पाखरू दाखवत होते, पण त्यांचा आवाज चढत नव्हता. काठावर एक धोबीण गुळगुळीत गोट्यावर पोट टेकवून बसली होती. बाकीची पाखरं चिखलातले किडे टिपत होती, ती मात्र हलत नव्हती.

अण्णांनी खुर्ची उचलली आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून ठेवली.