दीड वाजताची फाइल

"माझ्याच बाबांना मी मारलं म्हणतात," झिबेक म्हणाली. समोरचा चहा तिने तसाच निवू दिला.

गुप्तहेर शोल्पान बेर्देनोवा वहीत टिपून घेत होती. पोलिसांतून निवृत्त होऊन तिच्या हाताखाली आलेला तोलेगेन उगाच तळलेल्या बाउर्साकची बशी पुढे सरकवत होता. पोरीच्या तोंडाकडे त्याला बघवत नव्हतं.

कझाकस्तानात तालदीकोर्गान शहराजवळच्या एका गावाला ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघरात विषारी वायू साचून तिथे काम करणारे झिबेकचे बाबा ओरिन्बेक मेले होते. धोक्याची घंटा वाजलीच नाही, कारण ती किती वायूला वाजावी हे ठरवणारी फाइल कुणीतरी बदलली होती. पोलिसांच्या तज्ज्ञाने नियंत्रण कक्षातल्या संगणकाची डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली आणि चार ओळींच्या प्रोग्रॅमने फाइलला बदलाची वेळ विचारली. उत्तर आलं, दुपारी दीड. एक ते दोन त्या कक्षात तिथली प्रोग्रॅमर झिबेक एकटी होती. त्यात आदल्याच दिवशी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालेलं.

दुसऱ्या दिवशी तिघं त्या कक्षात गेली. मुख्य अभियंता कायरोल्ला हात बांधून उभा होता.

"दीडला मी खाली खानावळीत दहा जणांसमोर लाग्मानच्या शेवया ओरपत होतो," तो म्हणाला. "दोनला वर आलो तर ही दातांच्या डॉक्टरकडे निघालेली. मग संध्याकाळपर्यंत मी एकटाच इथे."

शोल्पानने जुन्या संगणकाच्या कोपऱ्यातली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. दोन्हीकडे अकरा.

"घड्याळ बरोबर आहे की!"

"का नसेल, आपाय?" झिबेक म्हणाली. "गेल्या मार्चमध्ये आपल्याकडची वेळ तासभर मागे आली, तेव्हा मीच हाताने मागे घेतलं. या खोक्याला नवा वेळविभाग शिकवत कोण बसणार?"

"घरचं भिंतीवरचं मीही तसंच केलं," तोलेगेन म्हणाला.

शोल्पानने त्या संगणकावर एक रिकामी फाइल बनवली, डिस्क काढून तोलेगेनच्या नव्या लॅपटॉपला जोडली आणि तोच प्रोग्रॅम चालवला.

"दहा?" तोलेगेनने डोळे चोळले. "माझा लॅपटॉप बिघडलाय."

"लॅपटॉप ठणठणीत आहे. संगणक फाइलवर स्थानिक वेळ लिहीत नाही, जगाची एकच वेळ लिहितो. हा जुना खोका अजून समजतो, आपण सहा तास पुढे आहोत. त्या दिवशी अडीच वाजता त्याने सहा वजा करून साडेआठ लिहिले. तज्ज्ञाच्या लॅपटॉपला नवा नियम ठाऊक, त्याने पाचच मिळवले. झाले दीड. फाइल बदलली अडीचला, कायरोल्ला आगा. तेव्हा इथे कोण होतं, ते तुम्हीच सांगितलंत."

कायरोल्लाने बांधलेले हात सोडले.

"घंटा वाजली की बॉयलर बंद पडतो. बाहेर उणे पंचवीस. महिन्यात चौथ्यांदा गाव गारठलं असतं, माझी नोकरी गेली असती. म्हटलं, एक संध्याकाळ निभावून नेऊ."

"आणि आळ माझ्यावर?"

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"भांडण याचवरून झालं होतं," झिबेक शोल्पानला म्हणाली. "बॉयलर गळतोय, काम सोडा, म्हणून मी ओरडत होते. तर बाबा म्हणाले, तू लिहिलेली घंटा आहे ना, मग मला कसली भीती?"

तोलेगेनने ओरिन्बेकसाठी दुवा मागत दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि तो पोलिसांना फोन लावायला बाहेर गेला.