काळ्या पडद्यावरचा मास्तर

पहिल्याच दिवशी त्याने माझा चहा लाथाडला.

इस्पितळाच्या तळघराकडे उतरणाऱ्या जिन्यात मी पर्समध्ये ओळखपत्र शोधत उभी होते. चहाचा कप पायरीवर ठेवला होता. वरून एक उंच, किडकिडीत माणूस भिंतीला हात लावत आला आणि कप थेट उडवला. माझ्या नव्या कपड्यांवर चहाचा नकाशा उमटला.

“माफ करा हं,” तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही... माझ्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे बघून.

“भिंतीला काही झालं नाही,” मी फणकारले. “भिजलेय मी.”

त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. जरा उशिराने त्याची नजर मला सापडली, आणि तो हसला. “मग भिंतीची माफी परत घेतो. तुम्हाला देतो.”

मी कपडे झटकत खाली निघून गेले. केवढा तो तोरा, असं मनात म्हणत होते. दहा मिनिटांनी सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं, तर तोच माणूस आत बसलेला.

मला सकाळीच मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं. “तिथे एक जण आहे, सगळे त्याला मास्तर म्हणतात. तीन महिन्यांत त्याच्याकडचं सगळं शिकून घ्या. त्याचे डोळे चाललेत. पुढे तुम्हालाच सांभाळायचंय. हे मात्र त्याला बोलू नका.”

डोळे चाललेत. म्हणजे मघाशी... मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

खोली थंडगार. कोपऱ्यातल्या कपाटात सर्व्हर घरघरत होता. रोग्यांची नावं, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रियांच्या वेळा, साऱ्या इस्पितळाची आठवण त्या कपाटात. छताजवळ एक झरोका होता, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसत. बाहेर दिवसभर पाऊस रिपरिपत होता. ओले बूट, ओल्या चपला, चिखल.

मास्तरांच्या टेबलावर माऊस नव्हता. पडद्यावर चित्र नाही, बटण नाही. नुसता काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. कानात इअरफोन घालून ते भराभर टाइप करत होते.

“या, नवीनबाई,” ते म्हणाले. “चहा वाळला का?”

“तुम्हाला कसं कळलं मी आले ते?”

“साखरेचा वास येतोय.”

मला हसू आलं, आणि राग आल्याचंही आठवलं. दोन्ही एकदम आवरताना फजिती झाली.

त्यांनी आपणहूनच सांगितलं. पेनच्या टोपणाला भोक पाडून त्यातून जग बघावं, तेवढंच त्यांना दिसायचं. ते भोकही वर्षागणिक बारीक होत होतं. “चित्रांच्या पडद्यावर बाण शोधण्यातच माझा दिवस जातो. इथे शोधायचं काही नाही. मी एक ओळ लिहितो, सर्व्हर एक ओळ उत्तर देतो. दोघं सभ्य माणसांसारखे बोलतो.”

“कधी भांडत नाही?”

“रोज. पण तो खोटं बोलत नाही. चुकलात तर तोंडावर सांगतो.”

मग त्यांनी एक इअरफोन काढून माझ्यापुढे धरला. मी तो कानात घातला. तार आखूड होती, खुर्ची जवळ ओढावी लागली. पडद्यावरची अक्षरं एक सपाट आवाज इतक्या वेगाने वाचत होता की मला शब्द कळेना. मला फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज कळत होता.

शिकवणी अशी सुरू झाली. कोण लॉगिन आहे हे कसं बघायचं, रखडलेलं काम कसं शोधायचं, पहाटेचा बॅकअप, म्हणजे नोंदींची राखीव प्रत, खरंच झाला की नुसताच झाला असं म्हणतोय हे कसं पडताळायचं. एक गोष्ट ते रोज घोकून घेत. “पुसण्याचा हुकूम देताना आधी अट. कुठल्या ओळी पुसायच्या ते सांगितलं नाही, तर हा सगळं टेबल, नोंदींचा अख्खा तक्ताच, पुसतो. ‘नक्की ना?’ असं विचारत बसत नाही.”

“इतका आज्ञाधारक पुरुष मी पाहिला नव्हता,” मी म्हटलं.

“मी आहे की.”

“तुम्ही? सकाळपासून तीनदा सांगितलं डबा खा म्हणून.”

“अट सांगितली नाहीत... कुणाबरोबर ते.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते आठवत नाही. एका दुपारी तो माझ्याकडे वळून बराच वेळ बघत राहिला. मी गोंधळले. “काय झालं?”

“थांब, हलू नकोस. हनुवटी राहिलीय.” तो अगदी गंभीर होता. “तुझा चेहरा मला एकदम दिसत नाही, तुकड्यातुकड्याने बघावा लागतो. काल डोळे झाले. आज नाक झालं.”

“आणि?”

“नाकावर राग आहे. बाकी ठीक.”

मी हलले नाही. झरोक्याबाहेर पाय जात होते, येत होते...

मग त्यानेच सहज विचारलं, “साहेबांनी सांगितलं असेल ना, त्याला बोलू नका म्हणून?”

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. माझ्या जागी येणारी बाई माझ्याकडूनच शिकतेय, हे न कळायला मी आंधळा थोडाच आहे?” तो हसला. मला हसता आलं नाही.

घरी आई आणि मी, दोघीच. बाबा गेल्यापासून कमावणारी मी एकटी. आईचे गुडघे धरलेले, खुर्चीतून उठायचं तरी माझा हात लागे. मी भांडी घासताना गुणगुणले, तेवढ्यावरून तिने ओळखलं. मी तिला सगळं सांगितलं.

“दिवसा त्याचे डोळे हो, संध्याकाळी माझे गुडघे हो,” ती म्हणाली. “तुझं तुला काय उरणार गं?”

मी हात पुसले आणि तिला खुर्चीतून उठवायला गेले.

आणि मग तो बुधवार आला.

माझ्या लॉगिनला अजून पूर्ण अधिकार मिळाले नव्हते, म्हणून मी मास्तरच्या नावाने उघडलेल्या पडद्यावर काम करत होते. दोन खिडक्या होत्या, एक सरावाच्या डेटाबेसची, एक खऱ्या डेटाबेसची. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. मास्तर वर चहाला गेला होता. मला सरावाचं तपासण्यांचं टेबल रिकामं करायचं होतं. सगळंच पुसायचं, मग अट कशाला? हुकूम लिहिला, एंटर दाबलं.

उत्तर आलं: एक लाख ब्याऐंशी हजार चारशे सहा ओळी पुसल्या.

सरावाच्या टेबलात दोनशेच ओळी होत्या.

फोन लावला तेव्हा मला नीट बोलताही येईना. तो भिंतीला धरत खाली आला. ओरडला नाही. “कशालाही हात लावू नकोस. किती वाजता?”

“अकरा बेचाळीस.”

“घड्याळाचे की सर्व्हरचे?”

“सर्व्हरचे.”

“शाबास.” तो बसला, इअरफोन घातले.

वर प्रयोगशाळेच्या खिडकीशी गर्दी साचली. एका बाईला शस्त्रक्रियेसाठी आत घेतलं होतं, आणि तिच्या रक्ताचा अहवाल दिसत नव्हता. तिचा नवरा दारादारातून विचारत फिरत होता. खाली मास्तर पहाटेचा बॅकअप वेगळ्या जागी उतरवत होता; मग पहाटेपासूनच्या सगळ्या बदलांची नोंद सर्व्हरला पुन्हा वाचायला लावत होता. अकरा बेचाळीसच्या एक क्षण आधीपर्यंत, पुढे नाही. दोन तास दहा मिनिटं फक्त कीबोर्ड वाजत राहिला. मग आकडा आला: एक लाख ब्याऐंशी हजार चारशे सहा.

त्या बाईची शस्त्रक्रिया तीन तास उशिरा झाली. ती वाचली. मी जिन्याखाली जाऊन रडले.

संध्याकाळी मॅनेजरसाहेब नोंदींचा कागद घेऊन आले. हुकूम कुणाच्या नावाने गेला ते त्यावर स्पष्ट होतं. “मास्तर,” ते म्हणाले, आवाजात राग नव्हता, कीव होती, “खिडकी चुकली ना? मी म्हणतच होतो, डोळे आता...”

मास्तर गप्प राहिला.

मीही गप्प राहिले.

मला वाटलं, उद्या सांगू. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, नोकरी आली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले, त्याला चहा आणून दिला, हवेबद्दल बोलले. तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई त्याच्या हातात एक लिफाफा देऊन गेला. त्याने तो उघडला नाही. माझ्यापुढे सरकवला. “वाचून दाखव.”

महिनाअखेरीस कामावरून मुक्त.

मी वाचलं. शेवटचं वाक्य पुरं होईना. तशीच उठले आणि दोन मजले चढून साहेबांच्या खोलीत गेले. “तो हुकूम मी दिला होता,” मी म्हटलं. “मास्तर तेव्हा चहाला गेले होते. कँटीनवाल्याला विचारा.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोन दिवस तुम्ही काय करत होतात?”

“घाबरत होते.”

पत्र मागे घेतलं गेलं. माझी नोकरी गेली नाही, पण त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम झाला. मला वर नोंदणीच्या काउंटरवर बसवलं. मी वाचले, असं आई म्हणाली.

जिन्यात मी त्याला गाठलं. वाटलं होतं, तो हसेल, काहीतरी चावट बोलेल...

“त्या चुकीचं मला काही वाटलं नाही,” तो म्हणाला. “मीही एकदा औषधांचं टेबल उडवलंय. पण ते दोन दिवस... मी गप्प राहिलो, कारण मला वाटलं, तू बोलशील. समोर बसून तू हवेबद्दल बोललीस. मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत गं. मी शब्द धरून चालतो. तेच हातातून काढून घेतलेस, तर मी कशाला धरू?”

तो भिंतीला हात लावत उतरून गेला. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

पाच आठवडे गेले. पाऊस सरला, पण आभाळ काही मोकळं होईना. काउंटरच्या काचेमागे मी दिवसभर तेच विचारत राही: नाव, वय, सोबत कोण. फोन वाजला की मी झडप घालून उचले. तो त्याचा नसे.

एका गुरुवारी रांग पुढे सरकली आणि काचेपलीकडे तो उभा. हातात पांढरी काठी. ती मी पहिल्यांदाच बघत होते.

“नेत्रविभाग,” तो म्हणाला. “प्रमाणपत्र काढायचंय.”

मी नवा अर्ज उघडला. “नाव...”

“विसरलीस?”

“विचारावंच लागतं.”

त्याने सांगितलं. वय सांगितलं. मी टाइप केलं. “सोबत कोण?”

मागे कुणीतरी खाकरलं. “तुझी जेवणाची सुट्टी साडेबाराला ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“माझा नंबर पाऊणला लागेल. आलीस तर... नाव लिही.”

मी माझं नाव लिहिलं. दोनदा चुकलं, खोडलं. पुढचा रकाना: नातं. आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण. खाली, सगळ्यात शेवटी, इतर. मी तेच निवडलं.

“इतर ना?” तो म्हणाला.

“तुला कसं कळलं?”

“खाली जायचं बटण सहा वेळा वाजलं. आता पुढचा रकाना उघडला असेल. स्पष्ट करा म्हणून. तो रिकामा ठेवता येत नाही. ती अट मीच घातलीय.”

“काय लिहू?”

“खरं ते. आणि मोठ्याने वाच. मला दिसत नाही.”

रांगेत पंधरा माणसं होती. मी टाइप केलं, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. मग वाचलं, “माझं याच्यावर प्रेम आहे... आणि ते दोन दिवस गप्प राहिल्याची मला अजून लाज वाटते.”

शेजारच्या काउंटरवरचं टाइप करणं थांबलं.

“मावणार नाही,” तो हळूच म्हणाला. “तिथे चाळीसच अक्षरं बसतात.”

“मग... काय काढू?”

“लाज काढ,” तो म्हणाला. “आधीचं राहू दे.”

मागच्या म्हातारबाईंना राहवलं नाही. “अगं पोरी, राहू दे म्हणतोय ना? मग दाब ते बटण, पाय भरून आले आमचे.”

मी बटण दाबलं.

पाऊण वाजता आम्ही नेत्रविभागात गेलो. डॉक्टरबाईंनी खूप वेळ तपासलं, दिवा लावला, विझवला. मग आडपडदा न ठेवता सांगितलं: वर्ष, फार तर दीड. त्यानंतर उजेड-अंधार एवढंच कळेल, कदाचित तेही नाही. त्याने मान डोलावली, प्रमाणपत्राला किती दिवस लागतील ते विचारलं आणि आभार मानून उठला.

बाहेर लांबलचक बोळ होता. दोन्ही बाजूंना बाकांवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं बसली होती. खिडकीतून राखाडी उजेड येत होता. आम्ही थोडं चाललो आणि तो थांबला.

“तू रडतेस?”

‘छे’ अगदी ओठांवर आलं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला. त्याने हात पुढे केला, हवेत जरासा चाचपडला. त्याला माझा कोपर सापडेपर्यंत मी जागची हलले नाही.