कोटाची पाठ

पुणतांब्याच्या भिमाजी आबांचा एकुलता एक फोटो पिशवीत घालून त्यांचा नातू रंगनाथ नगरच्या गाडीत बसला, तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती. संशय मात्र होता, आणि तो लहानपणापासूनचा होता.

साल त्रेचाळीस. लढाई चालू होती. भिंगारच्या लष्करी कोठारात कारकुनाची जागा निघाली होती आणि रंगनाथ फायनल पास होता. अर्जात एक रकाना होता : घरातलं कोणी फौजेत होतं का, असल्यास कोणत्या पलटणीत. ज्याच्या घरचं माणूस फौजेत होतं त्याचा नंबर आधी.

आबा फौजेत होते हे सगळं गाव जाणत होतं. कोणत्या पलटणीत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की आबा उठून बैलांना वैरण टाकायला जायचे. म्हातारा पलटणीतून पळून आलाय, अशी गावात दबकी बोलवा होती. घरात कागद एकही नाही. होता तो हा फोटो. तोही आबांनी आणलेला नव्हता. तो टपालानं आला होता, आणि त्याच्या मागून चार महिन्यांनी आबा आले होते, एकटे, पायी.

फोटोत आबा एकवीस वर्षांचे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला फेटा, पाठ खांबाला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. डाव्या कानाची पाळी फाटकी. लहानपणी बाभळीच्या काट्यात बाळी अडकून फाटली होती ती.

कोठाराच्या दारावरच्या शिपायानं फोटो पाहून मान हलवली. "आपल्याला नाही कळायचं. इथं मागच्या गल्लीत गोरक्षनाथ शिंपी आहे. उभा जन्म पलटणीचे कपडे शिवण्यात गेला त्याचा. नुसती कॉलर बघून सांगेल."

दुपार टळत आली होती. शिंप्याच्या अरुंद दुकानात कोळशाच्या इस्त्रीचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. म्हाताऱ्यानं मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो अगदी डोळ्यांजवळ धरला.

"ही तर आमचीच पलटण," तो म्हणाला. "एकोणीसशे साली चीनच्या लढाईवर गेली होती. मी पण होतो, शिंपीकामाला." त्यानं पलटणीचं नाव सांगितलं.

रंगनाथनं ते अर्जाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून घेतलं. म्हणजे आबा खरंच होते तिथं. त्याला हलकं वाटलं. फोटो परत घ्यायला त्यानं हात पुढं केला, पण शिंपी फोटो सोडेना. तो उठून दारातल्या उजेडात गेला.

"पाव्हणं, हे बघा. छातीवर एक चुणी नाही."

"बरं मग?"

"श्वास घेणाऱ्या माणसाच्या कोटाला इथं, काखेपाशी, चुणी पडतेच. कितीही मापाचा शिवा." त्याचा आवाज खाली आला. "हा मागून ताणून शिवलाय… अंगावरच. हे काम माझ्या हातचं आहे."

रंगनाथला काही कळेना. शिंपी पुन्हा स्टुलावर बसला आणि मशीनच्या चाकाकडं बघत बोलू लागला.

"तिकडचा हिवाळा फार वाईट. बादलीतलं पाणी दगड व्हायचं. साहेबाचा या पोरावर जीव होता. म्हणाला, घरच्यांना वर्दीतला फोटो धाडू. पण हात वाकेनात. बाहीत जाईनात. मग मी कोट पाठीवर उभा कापला, पुढून चढवला, आणि मागून टाके घातले. खांबाला बांधून उभा केला."

"लई आजारी होते का?"

शिंप्यानं चष्मा डोळ्यांवर ओढून त्याच्याकडं पाहिलं.

"चार दिवस झाले होते त्याला जाऊन."

बाहेरून एक टांगा गेला.

"मास्तर, हे माझे आबा आहेत," रंगनाथ म्हणाला. "घरी आहेत. सकाळी मला गाडीवर सोडायला आले होते."

"मग तो दुसरा कुणी असेल. मेलेल्याचं नाव सांगून घरात शिरणारे असतात जगात."

"कानाची पाळी अशीच फाटकी आहे… लहानपणापासून."

शिंप्यानं फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

"नंतर काय केलं त्यांचं?" रंगनाथनं विचारलं.

"सरणाला लाकूड मिळेना. दवाखान्यामागच्या खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आमची तुकडी हलली. पुढं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही." मग म्हणाला, "घरी गेल्यावर एवढंच करा, त्याला… नको. काहीच करू नका."

परतीच्या गाडीत रंगनाथ स्वतःची समजूत घालत राहिला. गारठ्यानं माणूस मेल्यासारखा दिसत असेल. शिंप्याचं वय झालंय, कुणाचं कुणाला लावत असेल. पण एकेक गोष्ट आपोआप आठवत होती. आबांना कधी ताप आलेला त्यानं पाहिला नव्हता. पौषाच्या कडाक्यात ते अंगणात उघड्या बाजेवर निजत, पांघरुणाशिवाय. आंघोळ नदीवर, सगळ्यांच्या आधी, एकट्यानं. याचं गावाला कौतुक होतं. रंगनाथलाही होतं, सकाळपर्यंत.

वस्तीवर पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा बैल घेऊन नदीवर गेले होते. आजी, भागूबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. रंगनाथ उंबऱ्यातच बसला.

"आजी, फोटूसंगं कागद आलता का?"

थापण्याचा आवाज थांबला.

"आलता."

"कुणी वाचला?"

"टपालवाल्यानं. शेतात, मी एकलीच हुते." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "पंधरा वर्साची हुते रं मी. सासूला सांगितलं असतं तर कपाळ पुसलं असतं तिनं. कागूद चुलीत घातला. फोटू तेवढा दावला."

"आन् मग?"

"मंग काय… रोज या वक्ताला दारात हुबी ऱ्हायाचे आन् म्हनायचे, ये. चार महिने म्हनले. मंग आला."

"कोण आला, आजी?"

भागूबाईनं विस्तव पुढं ओढला. जाळ तिच्या तोंडावर हलत होता.

"इचारलं न्हाई मी. इचारलं असतं तर गेला असता. चांगला नांदला. तुझा बाप झाला, तू झालास. आता तूबी नगं इचारू."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आबांनी बैल दावणीला बांधले, पायांवर पाणी घेतलं आणि ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसती पांढरी मिशी.

"रंगा, शिंप्याचं काय म्हननं?"

शिंप्याचं नाव रंगनाथनं घरात अजून काढलं नव्हतं.

"पलटण वळखली त्यानं."

"वळखंल की. हात कापत हुता त्याचा. सुई बोटात गेली, तरी त्याला कळलं न्हाई. थंडीच तसली." आबा हे सगळं पेरणीबद्दल बोलावं तसं बोलत होते. "मला वाटायचं सांगावं त्याला, बाबा, रगत येतंय. पर तोंड हलंना."

"आबा… तुमी तवा…"

"त्या खोलीत आमी सात जन हुतो. वळीनं निजवल्याले. महिना-दीड महिन्यानं हाका याया लागल्या. लई लांबनं. ज्याची हाक त्याला कळायची. ज्याला आली त्यो उठायचा, दार लोटायचा आन् चालाया लागायचा."

आत भाकरी करपल्याचा वास सुटला होता, पण भागूबाई उठली नाही. रंगनाथनं उंबऱ्याची कड घट्ट धरली.

"सगळे उठले?" त्यानं विचारलं.

यावर आबा जे बोलले, त्यापायी रंगनाथनं तो अर्ज कधीच दिला नाही आणि भिंगारच्या वाटेला पुन्हा गेला नाही. म्हातारा अंधारात थोडा पुढं वाकला. आवाज मायेचाच होता.

"सगळे घरी पोचले, रंगा. एक कोल्हारला हाय, बाजारात भेटतो कधीमधी. बाकीचे कुठं ऱ्हात्यात ते इचारत हिंडू नगंस. त्येंचीबी नातवंडं हायती."