कॉलरवरचा चुरा

ऑफिसच्या मागच्या जिन्याचं दार धाडकन उघडलं आणि आत येणाऱ्याच्या हातातला टोस्ट निसटून थेट तिच्या उघड्या डब्यात पडला.

“अरेच्चा... सॉरी, सॉरी.” त्याने तो चटकन उचलला. “भाताला नुसता टेकला. काही बिघडलं नाही.”

तिने डब्याला झाकण लावलं. “आता नाही खाता येणार.”

“माझ्या टोस्टची एवढी किळस?”

डबा उचलून ती जिना चढून गेली. जाताना तिच्या डोळ्यांत राहिलं ते एवढंच — त्याच्या कॉलरवरचा पावाचा चुरा, आणि चेहऱ्यावरची खरीखुरी हळहळ.

लिफ्ट असताना मागच्या जिन्यात सहसा कुणी फिरकत नसे. म्हणून तर ती तिथे जेवायची. त्यांची कंपनी नाजूक तराजू बनवायची. इतके नाजूक, की जवळ कुणी जोरात श्वास सोडला तरी आकडा हलायचा. ती तपासणी विभागात होती आणि सगळे तिला ‘मिलिग्रॅम’ म्हणायचे. तिची उमेदवारी याच महिन्यात संपणार होती. “काम चोख आहे, पण तुमच्या रजा फार होतात,” विभागप्रमुख मॅडम एकदा तोडून बोलल्या होत्या. तेव्हा सारख्या आजारपणाचं कारण तिलाही माहीत नव्हतं. आता कळलं होतं. पण कायम होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. विक्री विभागातला, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असलेला माणूस. हातात सफरचंद.

“धुतलेलं आहे. याच्यावर तरी राग नाही ना?”

तिला हसू आलं. आणि हसल्यावर खोटं बोलणं अवघड झालं.

“राग टोस्टवरही नाही. मला सीलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. एवढासा चुरासुद्धा पुरतो.”

त्याचा सफरचंद धरलेला हात खाली आला. “म्हणजे काल तुम्ही...”

“उपाशी.”

“आणि हे कुणालाच माहीत नाही?”

“तुम्हाला आहे. दुर्दैवाने.”

“मी बोलतो फार, पण दुसऱ्याचं गुपित फोडत नाही,” तो म्हणाला.

मग तो रोजच येऊ लागला. टोस्ट खालीच संपवून, हात धुऊन. कॉलर झटकायची मात्र विसरून.

“तुम्ही माणसांचंही वजन काढता का हो?” तो विचारायचा.

“माणसं फार हलतात. आकडा स्थिरावत नाही.”

“मी बसेन की स्थिर.”

“तुम्ही बसाल. तुमची जीभ?”

एका शुक्रवारी तो डबा घेऊन आला. तांदळाच्या पिठाचा केक, स्वतः केलेला. नवं भांडं, नवी सुरी, नवा चमचा. तिने एकेक जिन्नस खोदून खोदून विचारला आणि त्याने एकेकाचं बरोबर उत्तर दिलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी केलेलं काहीतरी ती खात होती... तिने दुसरा तुकडाही घेतला.

त्या संध्याकाळी ती पोट धरून अंथरुणावर पडली. सोमवारीही उठवेना. त्याचा फोन आला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला.

“साच्याला काय लावलं होतंत?”

“लोणी. आणि केक चिकटू नये म्हणून वरून थोडं पीठ भुर—” तो थांबला. “आई नेहमी तसंच करते. ते... ते गव्हाचं होतं.”

मंगळवारी तो जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. “मी मॅडमना सांगतो. चूक माझी आहे, रजा माझ्या नावावर टाका म्हणून.”

“तुम्ही काही सांगायचं नाही. पोट माझं, नोकरी माझी. बोलणार मी.”

“पण त्यांनी काढलं तर?”

“तर काढतील. चोरून जेवायचा मला आता कंटाळा आलाय.”

पँट्रीतल्या टोस्टरशेजारून तिने पावाचा एक कण उचलला आणि मॅडमना तपासणीच्या खोलीत बोलावलं. तराजूच्या काचेआड आकडा थरथरला, मग थांबला.

“मॅडम, एवढ्याशा कणांनी मी आजारी पडते. माझ्या रजा त्यामुळेच झाल्या. मला दया नको. पँट्रीत एक वेगळं, बंद कपाट हवं, वेगळा टोस्टर हवा, आणि बैठकीचं जेवण मागवताना आधी मला विचारलं जावं. मग माझं काम बघा आणि ठरवा.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे आधी नाही का सांगायचं? मला वाटत होतं, तुम्ही दुसरीकडे मुलाखती देत फिरताय.”

तिने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

“कामाबद्दल मला शंका कधीच नव्हती. कायमची कागदपत्रं आजच करायला सांगते. कपाट उद्या येईल. टोस्टर कोण बघतंय?”

“मी बघतो,” दाराबाहेरून आवाज आला.

“यांना बहुतेक दाराला कान लावायचा पगार मिळतो,” मॅडम म्हणाल्या.

कपाट आलं, टोस्टर आला. आता जिन्यात बसायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी पुढच्या शुक्रवारी दोघं तिथेच होते. तो विचित्र गप्प होता. तिने निरखून पाहिलं. कॉलर स्वच्छ.

“आज टोस्ट नाही?”

“नाही. सकाळपासून गव्हाचं काहीच नाही. आणि दात घासलेत. आत्ताच.”

“का?”

“वाचलं मी... की समोरच्याने आधी पाव खाल्ला असेल, आणि तो... म्हणजे अगदी जवळ आला, तर...” त्याचे कान लाल झाले.

“तर?” मदत करायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

“तर त्रास होऊ शकतो. तुम्हाला.” त्याने श्वास घेतला. “एकदा माझ्यामुळे झाला. पुन्हा होऊ देणार नाही. पण लांब राहणंही जमणार नाही मला... तू आवडतेस.”

तिने त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि घडीच्या आतपर्यंत नीट तपासली. एक कणही नव्हता.

“पास,” ती म्हणाली. कॉलर मात्र तिने सोडली नाही.