मऊ भिंतींचं घर

निषाद चालायचा, पण फक्त न्हाणीघरात.

दिवाणखान्यात हा चार वर्षांचा पठ्ठ्या दिवसभर एका जागी बसून राहायचा. कोणी उठवलं तर दोन पावलं टाकायचा आणि मटकन खाली बसायचा. न्हाणीघरात मात्र स्वारी बादलीला वळसा घालून नळापर्यंत जायची आणि भिंतीला धक्का न लावता परत यायची. निषादला जन्मापासून दिसत नव्हतं. डॉक्टरांनी त्याचे पाय तपासले, तर ते ठणठणीत. मग हा काय प्रकार होता?

या कोड्याने त्याची दहा वर्षांची ताई शाल्मली अगदी रडकुंडीला आली होती. जालन्याजवळच्या या नव्या थंडघरात (उन्हाळा सोसावा म्हणून निम्मं जमिनीखाली बांधलेलं घर) ते राहायला आले, तेव्हा निषाद घरभर हिंडायचा. पण पहिल्याच आठवड्यात तो खांबावर आपटला आणि कपाळाला चार टाके पडले. शाल्मलीने बाबांच्या मागे लागून खांबांना, भिंतींना, दारांना जाड स्पंज लावून घेतला. कोपरा न् कोपरा तिने स्वतःच्या हाताने दाबून बसवला. जमिनीवर गालिचे आले. आता लागायला काही उरलंच नव्हतं, तरी निषाद खाली बसला तो बसलाच. शेवटी आईने ठरवलं, की सोमवारपासून गुंडोपंतांनी, म्हणजे घरातल्या यंत्रमानवाने, त्याला सगळीकडे उचलूनच न्यायचं. एकदा कडेवर चढला की हा पुन्हा चालणारच नाही, या भीतीने शाल्मलीला जेवण गोड लागेना.

शनिवारी बाबांची मोठी बहीण, मृणालआत्या आली. ती ध्वनिशास्त्रज्ञ (आवाज कसा तयार होतो, कसा पसरतो याचा अभ्यास करणारी) होती आणि जिभेची तिखट. आत पाऊल टाकताच ती थबकली.

"वहिनी, हे घर आहे की गाद्यांचा कारखाना?"

"मृणालताई, पोराचं कपाळ फुटलं होतं," आई दुखावून म्हणाली.

दुपारी शाल्मलीने तिला न्हाणीघराचं कोडं सांगितलं. दोघी दाराआड उभ्या राहिल्या. आत निषाद पाऊल टाकत होता आणि मध्येच जीभ टाळूवर आपटत होता. टक्. टक्.

"हे काय गं?"

"ती त्याची खोड आहे. घरात चुकचुकणं बरं नाही म्हणून आई रागावते. इथे तो चोरून करतो."

आत्याचा चेहरा एकदम उजळला. "जा, एक ताट घेऊन ये. आणि स्पंजाचा तुकडाही आण."

तिने शाल्मलीला डोळे मिटून 'श्श्श' असा लांबलचक आवाज काढायला सांगितला आणि ताट हळूहळू तिच्या तोंडासमोर आणलं.

"आत्या, आवाज बदलला! समोर काहीतरी आलं!"

"आता पुन्हा." या वेळी समोर स्पंज होता. शाल्मलीला जवळजवळ काहीच कळलं नाही.

"ताटावर आवाज आपटतो आणि परत येतो. हा प्रतिध्वनी (आपटून माघारी आलेला आवाज). तीन मीटरवरच्या भिंतीवरून तो सेकंदाच्या साठाव्या भागात परत येतो. भिंत जवळ असेल तर आणखी लवकर. आपण तिकडे लक्ष देत नाही, कारण आपल्याला दिसतं. निषादचा मेंदू मात्र त्यावरूनच भिंत कुठे आणि दार कुठे, याचा नकाशा बनवतो. या कामात जे तरबेज होतात, त्यांच्या मेंदूचा बघण्यासाठी असलेला भागसुद्धा मदतीला येतो."

"आणि स्पंज?"

"स्पंज ध्वनिशोषक (आवाज गिळून टाकणारा). आवाज त्याच्या भोकांत शिरतो आणि तिथेच विरतो. परत काही येतच नाही. न्हाणीघरात फरशा आहेत, म्हणून तिथे..."

शाल्मलीने पुढचं ऐकलंच नाही. "म्हणजे मीच त्याचं घर पुसून टाकलं," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"वेडी कुठली! मायेपोटी केलंस ते. आता डोळे पूस आणि कामाला लाग."

स्पंज काढायला आई मात्र तयार होईना. "आणि पुन्हा आपटला म्हणजे?"

"आपटेल की, वहिनी. एखादं टेंगूळ येईल. तुमची मुलगी काय न पडता चालायला शिकली? टोकदार कडांवरचा स्पंज राहू द्या, जिन्याला फाटक लावा. बाकीचं घर त्याचं त्याला परत द्या. आणि ते टक् टक् करू द्या."

आई उठली. तिने स्वतःच खांबावरचा पहिला पट्टा ओढून काढला. संध्याकाळपर्यंत भिंती उघड्या झाल्या, गालिचे गुंडाळले गेले. गुंडोपंतांना नवी सूचना मिळाली: हात धरायचा नाही, फक्त पायरी आली की सांगायचं.

निषादला दिवाणखान्याच्या मध्यभागी उभं केलं. तो तसाच उभा राहिला. मग हळूच, टक्.

त्याने मान वळवली. पुन्हा टक्. एक पाऊल, दुसरं पाऊल. खांब समोर आला तशी आई पुढे झेपावली, पण आत्याने तिचा दंड धरला. निषाद खांबाच्या वीतभर अलीकडे थांबला, हात लावून खात्री केली आणि वळसा घालून पुढे निघाला. शाल्मली श्वास रोखून उभी होती. तिच्यापुढे येऊन तो पुन्हा थांबला.

"इथे कोणीतरी मऊ आहे," असं म्हणून त्याने हात पुढे केला. हाताला वेणी लागली. "ताई!"

शाल्मलीने त्याला घट्ट मिठी मारली. आई एकीकडे हसत होती आणि एकीकडे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निषादला मात्र या कशासाठीच वेळ नव्हता. तो मिठीतून सुटून थेट बाहेरच्या दारापाशी गेला.

"ताई, बाहेर काय आहे?"

"बाहेर ना, आधी अंगण, मग कुंपणाची भिंत, आणि डावीकडे..." शाल्मली सांगता सांगता थांबली. तिने पुढचं काही सांगितलंच नाही, नुसतं दार उघडून दिलं.

"एक पायरी आहे," गुंडोपंत म्हणाले आणि बाजूला झाले.